वलवणच्या विमानातून आलेलं उत्तर

लोणावळ्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. मनगटाला मंतरलेला दोरा बांधून आलेली माणसं माझ्याकडून तापाच्या गोळ्या नेतात आणि बरं वाटलं की श्रेय दोऱ्याला देतात. मी हसते आणि सुटे पैसे परत करते. म्हणजे गूढ अनुभवांच्या या सदरात लिहिणाऱ्यांपैकी मी नव्हेच. तुमचे अनुभव वाचून मी बऱ्याचदा नाक मुरडलेलं आहे, तेही आधीच सांगून टाकते. आता माझं ऐका.

माझे वडील, अण्णा, हवाई दलात इंजिनाचं काम करायचे. कामशेतच्या पुढच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा, म्हणून तिथले मित्र त्यांना ‘मावळा’ म्हणायचे. निवृत्तीनंतर आमच्या सगळ्या सहली म्हणजे एअर शो नाहीतर विमानांचं संग्रहालय. बाकीच्या मुली महाबळेश्वरला जायच्या, मी गंजक्या विमानांच्या पोटाखाली वाकून बघायचे. एअर शोला सगळे माना वर करून बघत, अण्णा मात्र धावपट्टीच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांकडे बघायचे. वैमानिकाला सलाम ठोकला जायचा तेव्हा त्यांचाही हात नकळत वर जायचा. मला लाज वाटायची. वयच तसं होतं.

अशाच एका संग्रहालयात त्यांनी मला जुन्या ट्रेनर विमानापुढे उभं केलं होतं. गोल इंजिन, पुढे दोन पात्यांचा मोठा पंखा. अशा इंजिनात खाली तेल साचतं, म्हणून सुरू करण्याआधी पंखा हाताने फिरवून घ्यावा लागतो. पण आतला स्विच चुकून चालू राहिला असेल तर तोच पंखा उसळून माणसाचा हात तोडतो. म्हणून खालचा माणूस ओरडून विचारतो, “स्विचेस ऑफ?” आणि वैमानिक स्विच बघून तेच शब्द परत म्हणतो. त्यानंतरच पंख्याला हात.

“आणि नाही दिलं उत्तर तर?” मी विचारलं होतं.

“तर हुभं ऱ्हायाचं. ज्याच्या हाताशी स्विच, त्यानंच सांगायचं. बाजूच्यानं सांगितलेलं चालत न्हाई.”

आई गेली आणि अण्णा हळूहळू विसरत गेले. आधी औषधं, मग रस्ते, मग माणसं. दिवाळीनंतर तर बोलणंच थांबलं. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, पण मनाचं काही सांगता येत नाही... ओळखीच्या वस्तू दाखवत राहा. मी आल्बम दाखवले, आईची साडी हातात दिली. माझी एवढीच इच्छा होती, की एकदा, फक्त एकदा त्यांनी मला ‘बेबे’ म्हणून हाक मारावी. पन्नाशीची बाई मी, पण त्या हाकेसाठी जीव कासावीस व्हायचा.

वलवणच्या बाजूला एका रिसॉर्टवाल्याने लिलावातून आणलेलं जुनं विमान बागेत ठेवलंय, लोकांनी फोटो काढावेत म्हणून. त्याच जातीचं, दोन पात्यांचं. इंजिन केव्हाच काढलेलं, त्या जागी लोखंडी सांगाडा. पर्यटकांची पोरं पंख्याला लोंबकळायची, म्हणून मालकाने तो वेल्डिंग करून पक्का केलेला. ऑगस्टमध्ये, आडवारी, भर दुपारी मी अण्णांना तिथे घेऊन गेले. धुकं इतकं की धरणाची भिंतही दिसत नव्हती. पाहुणे कुणी नव्हते, लाइट गेलेली. वॉचमन किसनभाऊंनी छत्री धरली आणि आम्ही तिघं चिखलातून विमानापाशी पोचलो.

अण्णा थांबले. पाठ सरळ झाली. मला वाटलं थंडी वाजतेय, शाल पुढे केली तर त्यांनी ती बाजूला सारली. मग पंख्यासमोर जाऊन, नऊ महिने न वापरलेल्या आवाजात, खणखणीत विचारलं —

“स्विचेस ऑफ?”

त्यांचं मन राखावं म्हणून मी रडत रडतच म्हटलं, “ऑफ, अण्णा, ऑफ.” त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मान हलवली... नाही. नजर कॉकपिटवर. तसेच उभे राहिले, भिजत.

आणि वरून उत्तर आलं.

“स्विचेस ऑफ, मावळा.”

तरुण पुरुषाचा आवाज. घाईतला, जरा हसरा. किसनभाऊंच्या हातातली छत्री कलली. अण्णांनी मागे न बघता डावा हात मागे केला, लहानपणी रस्ता ओलांडताना मला अडवायचे तसा.

“बेबे, मागं सर. पंखा हाय.”

मी मागे सरले. अण्णांनी पात्याला दोन्ही हात लावले आणि ओढलं. पंखा फिरला. आत काहीतरी जड सरकल्यासारखा आवाज झाला, मग दुसरं पातं खाली आलं, मग पुन्हा पहिलं. ऐंशीला टेकलेला माणूस प्रत्येक वेळी पातं ओढून सफाईने बाजूला होत होता. मला भीती वाटली नाही. देवळात मूर्तीवरचा पडदा सरकतो तेव्हा जसं गप्प व्हायला होतं, तशी मी गप्प झाले. शेवटी त्यांनी अंगठा वर केला, दोन पावलं मागे आले आणि माझ्या हातात हात दिला.

किसनभाऊ विमानाच्या पंखावर चढून कॉकपिटमध्ये डोकावले. काचेचं झाकण कुलूपबंद. “ताई, आत वाळला पाला हाय नुसता. बसाया शीटच न्हाई.” मग त्यांनी खाली येऊन पंख्याला सगळा भार देऊन बघितला. केसभरही हलला नाही, वेल्डिंग जसंच्या तसं.

मोबाइल, स्पीकर, लपलेला माणूस... सगळं तपासून झालंय. अण्णांचं ते नाव सांगणारं इथे कुणी उरलेलं नाही. किसनभाऊंनीही तोच आवाज, तेच शब्द ऐकले, म्हणून भास म्हणून सोडूनही देता येत नाही.

अण्णा त्यानंतर एक शब्दही बोलले नाहीत. थंडीत, झोपेतच गेले.

तेराव्यानंतर मी एकटी वलवणला गेले. किसनभाऊ लांबच थांबले. पंख्यासमोर उभी राहिले आणि दुकानात गिऱ्हाईकाला हाक मारते त्याहून मोठ्याने विचारलं, “स्विचेस ऑफ?” खरं सांगते, त्या दुसऱ्या माणसाचं नाही, मला अण्णांचं उत्तर हवं होतं.

पुष्कळ वेळ थांबले. उत्तर आलं नाही, आणि मी पंख्याला हात लावला नाही.