तांबीच्या आईचा शेवटचा धडा

आदरणीय नीलांबिकाअक्कांची आणि माझी पहिली गाठ हुमनाबादच्या माझ्या वर्कशॉपमध्ये पडली. आम्ही साखर कारखान्यांचे आणि राइसमिलचे बॉयलर दुरुस्त करतो. एका सकाळी हातात छत्री, काखेत शाळेची वही अशा एक बाई गेटातून सरळ चालत्या बॉयलरपाशी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, तपासणीवाल्या सरकारी बाई. मी सदऱ्याची बटणं लावली, चहा सांगितला, कागदांची फाईल काढली. बाईंनी फाईलकडं बघितलंसुद्धा नाही.

"अण्णा, बॉयलर फुटायच्या आधी कसा आवाज करतंय?"

"कामून ओ बाई?"

"न्हाई, मला एक फोडायचाय."

माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली. "पुस्तकात फोडायचाय," त्या म्हणाल्या. "चहा सांगितलाव ते बरं केलाव."

मी सांगितलं, बॉयलर फुसफुसतो तोवर भ्यायचं नाही. व्हॉल्व्ह अडकला की तो गप्प होतो. भ्यायचं ते गप्प बॉयलरला. अक्का लिहिता लिहिता थांबल्या आणि बराच वेळ वहीकडं बघत बसल्या. का, ते मला पुढं काही वर्षांनी कळलं.

मन्नाएखेळ्ळीच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या अक्का तेव्हा मुलांसाठी 'वाफगाव' ही कादंबरी लिहीत होत्या. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. या गावात पिठाची गिरणी, लेकरांचे पाळणे, देवाची पालखी, सगळं वाफेवर चालतं. गावच्या बारवेत पऱ्या राहतात; आपल्याकडं त्यांना आसरा म्हणतात. त्या एका बाईची तान्ही पोर उचलून नेतात आणि पाळण्यात आपली पोर ठेवून जातात. ती तांब्याची असते, तिच्या पोटात इवलासा बॉयलर असतो. तिचं नाव तांबी. गाव म्हणतं, ही आपली नव्हे, परत देऊन या, म्हणजे आपली मिळेल. आई देईल का, एवढ्यावर सगळी कादंबरी उभी आहे.

मी सातवीपर्यंत शिकलेला, भट्टीत चिपाडं टाकत वर आलेला माणूस. तरी अक्का प्रत्येक धडा आधी मला वाचून दाखवत. एकदा मी म्हणालो, "अक्का, ही पोर दिवसभर गाव हिंडायलीय. हिला पाणी कोण पाजतंय? बॉयलर कोरडा पडला की जळतोय." दुसरा कुणी लेखक असता तर म्हणाला असता, अहो, परीकथा आहे. अक्कांनी तिथंच तीन पानं खोडली. मग आई तांबीला सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी पाजते, तो धडा आला. कादंबरीतला तोच धडा मुलांना सगळ्यात आवडतो. पुस्तकाच्या आरंभी अक्कांनी त्याबद्दल माझे आभार मानले आहेत. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

कादंबरी शेवटच्या धड्यापाशी आली आणि थांबली. एक वर्ष गेलं, दोन गेली, चार गेली. मी विचारायचो, "कामून थांबलाव?" त्या म्हणायच्या, "आई बारवंपाशी येऊन उभी हाय, शिवराज. पुढं जायनाच." मी आपला शहाणपणा शिकवायचो. "खरी पोर परत येऊ द्या की, अक्का. लेकरांचं पुस्तक हाय, गोड करून सोडा." अक्का विषय बदलायच्या.

त्यानंतरचा प्रसंग त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. "लिही," त्या म्हणाल्या, "फक्त माझ्या सासूबाईंना वाईट म्हणू नको. त्याबी त्याच्यासाठीच गेल्त्या."

आमच्याकडं बंडेप्पा नावाचे जुने फिटर आहेत. जन्मापासून त्यांना ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्या दिवशी अक्कांच्या समोर एका बॉयलरची चाचणी चालली होती. माझ्या कानांचा आमच्या धंद्यात बोलबाला आहे. मी सळई लावून ऐकलं आणि ऐटीत सांगितलं, "ठणठणीत!" बंडेप्पा आले. ज्या लोखंडी चौकटीवर बॉयलर बसवला होता, तिच्यावर त्यांनी तळहात टेकवला, डोळे मिटले, मान हलवली आणि सरळ वाफ बंद केली. मी हातवारे करून पुष्कळ रागावलो. थंड झाल्यावर उघडून बघितलं तर आतला आधाराचा एक बोल्ट तडकलेला. बंडेप्पांनी माझ्या दोन्ही कानांना हात लावून नमस्कार केला. सगळं वर्कशॉप हसलं.

अक्का हसल्या नाहीत. "वय काय ह्यांचं?"

"असंल पंचेचाळीसच्या आसपास."

"माझा मल्लू एवढाच आस्ता," त्या म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या.

इतक्या वर्षांत अक्कांना मूल झालं होतं हे मला ठाऊक नव्हतं. मल्लू अडीच वर्षांचा होता. हाक मारली तरी वळायचा नाही, बोलायचा नाही. घरचे म्हणाले, पोर बदललंय, आपलं आसरांनी नेलंय. सासूबाईंनी एका दुपारी, अक्का शाळेत असताना, त्याला नवं अंगडं घातलं आणि खण-नारळ घेऊन विहिरीवर नेलं. पायरीवर त्याला बसवायचं, आपण विहिरीकडं पाठ करून बसायचं, वळून बघायचं नाही. खरं लेकरू परत आलं की ते आपणहून हाक मारेल, तेव्हाच वळायचं. असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

सासूबाई हाकेची वाट बघत बसल्या. मागं काही आवाज झाला नाही. मल्लू पाण्यात गेला तोही आवाज न करता.

"त्या दिसापासून सासूबाई कुणाकडं पाठ करून बसल्या न्हाईत," अक्का म्हणाल्या. "भिंतीला टेकून बसायच्या. मरूस्तर. मीच जेवायला वाढायची." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्यांच्यावानी हातानं ऐकणारा झाला आस्ता माझा."

बंडेप्पांना काय कळलं कोण जाणे. त्यांनी येऊन अक्कांचा हात धरला आणि दुसऱ्या चालत्या बॉयलरच्या चौकटीवर टेकवला. दोघं तसे किती तरी वेळ उभे होते.

त्या महिन्यात शेवटचा धडा लिहून झाला. आई बारवेकडं पाठ करत नाही. तांबीचा हात धरून ती घरी येते. खरी पोर परत येत नाही. छापणाऱ्यानं पुष्कळ सांगून बघितलं की लेकरांच्या पुस्तकाचा असा शेवट नको. अक्कांनी एक अक्षर बदललं नाही.

निंबर्ग्याच्या शाळेत वाचन होतं, तेव्हा मीच त्यांना घेऊन गेलो होतो. पुढच्या रांगेतली एक पोरगी रागानं उठली.

"खरी पोरगी कामून आली न्हाई?"

"न्हाई आली, बाई."

"मग तिची आई रडायली आसंल की!"

"व्हय. रोज रडायली," अक्का म्हणाल्या. "पर तांबीला पाणी पाजायचं चुकवली न्हाई."

पोरगी खाली बसली.

त्यांच्या चांगुलपणाबद्दल पुष्कळ मंडळी या गौरवग्रंथात लिहितील. मी एकच सांगतो. बहिऱ्याला काय शिकवायचं म्हणून बंडेप्पांना कुणी शाळेत घातलं नव्हतं. अक्का दर गुरुवारी बस धरून आल्या. जेवणाच्या सुट्टीत, डब्यातली अर्धी भाकरी त्यांच्यापुढं ठेवून, दोन वर्षं अक्षरं गिरवून घेतली. गुडघे दुखायला लागले तरी एक गुरुवार चुकला नाही.

अशा लेखाच्या शेवटी शतायुष्य मागायची रीत आहे. न विचारता काही मागू नये म्हणून मी गेल्या गुरुवारी अक्कांना विचारलं, "पंचाहत्तरीला काय मागू तुमच्यासाठी? शंभर वर्षं?"

"शंभर कामून, शिवराज?" त्या हळूच म्हणाल्या. "तिकडं एक लेकरू किती वर्सं झाली वाट बघायलंय."

बंडेप्पा शेजारी जेवत होते. ते ओठ बघून बरंच समजतात. हात पुसून त्यांनी खडू घेतला आणि फरशीवर मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं: 'अक्का, इथं बी एक.'

अक्कांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला, परत वाचलं. मग भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या ताटात ठेवला.

माझंही मागणं तेवढंच आहे. अक्कांना निरोगी, पुष्कळ मोठं आयुष्य मिळो. त्यातला प्रत्येक दिवस त्यांना कसा काढावा लागतो, ते जाणूनच मागतो आहे.