शालूची होडी

"द बोट वेंट आउट," शालू म्हणाली. "द सी वॉज ब्लॅक."

"थांब गं." मनोरमाबाईंनी हात वर केला. "पळतेयस कुठे? तू किनाऱ्यावर उभी आहेस. आधी समुद्राकडे बघ, मग बोल."

मुर्ध्याच्या कोळीवाड्यातल्या समाजमंदिरातला लाकडी बाक म्हणजे होडी. परेश आणि रीमाने दोन टोकांनी धरलेली बाईंची जुनी निळी साडी म्हणजे लाट. लाट उसळली, परेशने बाक लाथेने उलटा केला, आणि दहा वर्षांची शालू अगदी हळू म्हणाली, "द बोट डिड नॉट कम बॅक."

पाठ केलेलं इंग्रजी असं येत नाही, हे बाईंना ठाऊक होतं. फोर्टातल्या एका कचेरीत एकतीस वर्षं त्यांनी इंग्रजी पत्रं टाइप केली होती, एकही चूक न करता. पण साहेबाने इंग्रजीत काही विचारलं की नुसती मान हलायची. निवृत्त होऊन जवळच्या इंद्रलोक नावाच्या वसाहतीत राहायला आल्या तेव्हा त्यांनी ठरवलं, पोरांचं हे असं होऊ द्यायचं नाही. म्हणून शनिवार-रविवार रिक्षाने मुर्ध्याला यायचं. पुस्तक नाहीच. पोरांनी घरची गोष्ट आणायची, आपल्या बोलीत सांगायची, नाचून-खेळून दाखवायची, मग त्यात एकेक इंग्रजी वाक्य भरायचं. ही होडीची गोष्ट शालूने आणलेली, पण बोलीत न सांगता, एकेक शब्द विचारत थेट इंग्रजीतच रचलेली. नारळी पौर्णिमेच्या कार्यक्रमात करायची होती.

"बंद करा ते!"

दारात शालूची आजी मंदा उभी होती. डोक्यावर सुक्या मासळीची रिकामी पाटी. ती उलट्या बाकाकडे बघत होती. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण उलटी होडी ओळखायला इंग्रजी लागत नाही.

"बाई, आमच्या होड्या अजून पान्यात उतरल्या न्हाईत. आन तुमी बुडवून मोकळ्या?"

"अहो मंदाताई, हे नाटक आहे..."

"नाटक तुमच्या बिल्डिंगीत करा." तिने शालूचं मनगट धरलं. "चल."

पुढच्या शनिवारी दहा-बारा पोरांतली तिघंच आली. रविवारी परेश एकटा. तोही उंबऱ्यावरच उभा राहिला.

"टीचर, ती शालूच्या बाबांची गोष्ट हाय. तीन वर्सं झाली. आमाला सगल्यांना माहीत व्हतं."

"मग मला का नाही सांगितलंत रे?"

"शालू बोलली, सांगू नका. टीचर मग करायला देनार न्हाय."

बाई तशाच उठल्या आणि मंदाच्या घरी गेल्या. मंदा ओट्यावर जाळं शिवत होती. तिने वर बघितलं नाही. शालू आतल्या दाराला चिकटून उभी होती.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. "दिवस कुठला, घर कुणाचं, काही विचारलं नाही मी. नाटक राहू दे. वर्गही तुम्ही म्हणाल तर बंद करते. फक्त हिला बोलू द्या. ती गोष्ट मी लिहिलेली नाही मंदाताई. हिची आहे."

मंदाचा हात थांबला.

"हिची? तीन वर्सं ह्या घरात बापाबद्दल एक अक्षर न्हाय काढलं पोरीने. मी रडेन म्हनून." ती शालूकडे वळली. "आन यांना सांगितलंस?"

"मराठीत येत न्हाय मला ते," शालू पुटपुटली.

मग मंदाने जाळं मांडीवरून बाजूला सारलं.

"म्हन मग. तुज्या इंग्रजीत म्हन. मला कलनार न्हाय, तेच बरं."

शालूने बाईंकडे बघितलं. बाईंनी नुसती मान हलवली. शालू ओट्यावर आली आणि खाडीकडे तोंड करून सुरुवातीपासून सांगू लागली. मंदा ऐकत राहिली. समजत काहीच नव्हतं. पण मध्ये, नाटकात कधीच नव्हतं ते 'बाबा' आलं, तेवढं मराठीच होतं. तिने पदर तोंडाशी धरला, पण शालूला थांबवलं नाही.

"पुनवेला न्हाय करायचं," शेवटी ती म्हणाली. "नारल जाऊ दे दर्याला. पयल्या फेरीच्या होड्या घरी येऊ देत. सगल्या."

पौर्णिमेला मनोरमाबाई गर्दीत मागे उभ्या राहून नारळ सोडताना बघून आल्या. पुढचे दोन शनिवार समाजमंदिरात एकट्याच बसल्या. तिसऱ्या शनिवारी दारात आधी परेश दिसला, मग रीमा, मग एकेक करत सगळे. सगळ्यांच्या मागून शालूचा हात धरून मंदा आली. पाटी तिने दाराशी उतरवली. ओल्या मासळीचा वास आत शिरला. पुढे येऊन ती जमिनीवर मांडी घालून बसली, अगदी बाकासमोर.

"आल्या सगल्या होड्या," ती म्हणाली. "आता बुडवा तुमची."

परेश आणि रीमाने साडीची टोकं धरली. शालूने आधी समुद्राकडे बघितलं.