राणीच्या लेकी आणि माझी लेक

हे मी ह्यांनासुद्धा सांगितलं नव्हतं. आता हे भिंतीवर फोटोत जाऊन बसले, त्यामुळे तो प्रश्नच मिटला. केतकीला, माझ्या लेकीला, तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असतात ना, तर मीच तुमच्याकडे संशयाने बघितलं असतं — हा माणूस एवढं ऐकून घेतोय ते कुणाला जाऊन सांगायला?

स्वभावच तसा आहे माझा. दूधवाला पाणी घालतो, सोसायटीच्या सेक्रेटरीने रंगाच्या कामात हात मारलाय, समोरच्या बाईची कंबर दुखत नाही, ती नुसती पाण्याच्या वेळेला झोपते — सगळं मला आधी दिसतं. फणसवाडीत आमच्या मजल्यावर मला फौजदारीण म्हणतात, अगदी तोंडावर. मला त्याचं काही वाटत नाही. पण जी बाई दिवसभर दुसऱ्यांच्या दारावर नजर ठेवून असते, तिच्या स्वतःच्या दाराआड काय आहे, हे कुणी कधी विचारलंय? एकानेही नाही. बरंच झालं.

आता माझ्या वेडाबद्दल. युरोपातल्या एका म्हाताऱ्या राणीच्या घराण्याची वंशावळ मला तोंडपाठ आहे. चेष्टा नाही. कोण कुणाची आत्या, कोण कुठल्या देशात दिली, कुणी सख्ख्या चुलतभावाशी लग्न लावलं — विचारा, झोपेतून उठवून विचारा. बँकेत होते तेव्हा बाकीच्या बायका जेवणाच्या सुट्टीत साड्या बघायला जायच्या आणि मी रद्दीच्या दुकानात राजेराण्यांची जुनी पुस्तकं चाळत उभी. हे म्हणायचे, "हिला त्या म्हाताऱ्या राणीने दत्तक घेतलीय, फक्त इस्टेट द्यायला विसरली." सगळ्यांना वाटायचं हिला मुकुट आवडतात, हिरे आवडतात, त्या मोठाल्या टोप्या आवडतात. वाटू दे. मुकुटाशी मला काय करायचंय हो?

मला त्या वंशावळीतली मुलं बघायची असायची. त्या राणीच्या लेकी-नाती लग्न होऊन वेगवेगळ्या राजवाड्यांत गेल्या, आणि त्यांच्यातल्या काहींच्या पोटी असे मुलगे आले की ज्यांचं रक्त थांबत नसे. जरा पडले की गुडघा टम्म. आपटले की अंगावर निळे-काळे डाग. हिमोफिलिया. बायकांना स्वतःला बहुतेक काही होत नाही. त्या चांगल्या हसतात, नाचतात, संसार करतात — आणि मुलग्यांना देतात. रद्दीवाल्याकडे उभ्याउभ्या मी पहिल्यांदा हे वाचलं आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत राहिले. कारण तो गुडघा मी पाहिला होता. घरी पाहिला होता.

बंडू. माझा धाकटा भाऊ. दुधाचा दात पडला तर उशी लाल व्हायची त्याची. चाळीतली पोरं लगोरी खेळायची आणि हा कठड्याला धरून नुसते गुण मोजायचा. एकदा मात्र आईचा डोळा चुकवून खेळायला उतरला, पडला, डोक्यावर पडला, आणि दुसऱ्या दिवशी गेला. बाराव्याच्या आत आईने मला जवळ घेतलं आणि सांगितलं, "कुणी विचारलं तर कावीळ सांगायची. तुला उजवायचीय मला." तिचाही एक भाऊ असाच गेला होता म्हणे, पोरवयात. मी कावीळ सांगत राहिले. ह्यांना सांगितली, सासरी सांगितली, आणि पुढे पुस्तकात खरं कळलं तरीही कावीळच सांगितली.

केतकीचं लग्न ठरलं लालबागला. महेश सोन्यासारखा मुलगा. त्याची आई, म्हणजे माझ्या विहीणबाई, मूळच्या मालवणकडच्या. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर घरोघरच्या चपात्या लाटून त्यांनी मुलाला इंजिनियर केला. बैठकीत त्यांनी सहज विचारलं, मुलीला बोहल्यावर आणायला मामा कोण? नवरीला मामाने आणायचं असतं ना. मी म्हटलं, सख्खा नाही, लहानपणीच गेला. "अगो बाई, कशान?" बघा, देवाने संधी दिली होती. अगदी ताटात वाढून दिली होती. मी म्हटलं — काविळीने. माझा एक मावसभाऊ मामा म्हणून उभा राहिला आणि लग्न दणक्यात झालं.

पुढची गोष्ट सांगताना मला माझीच लाज वाटते. शिवाजी पार्कला आमचं एक महिला मंडळ आहे, तिथे माझं भाषण ठेवलं, राजघराण्याच्या घरगुती गमतीजमती. मी जरीची साडी नेसून गेले. मोठ्या कागदावर वंशावळ काढली होती आणि आजारी मुलग्यांपुढे लाल ठिपके दिले होते. केतकीने हौसेने विहीणबाईंनाही आणलं होतं, पहिल्या रांगेत बसवलं होतं. मी पट्टी फिरवत सांगत होते, हे बघा, ही लेक इकडे दिली, ही नात तिकडे, आणि हे ठिपके कसे माहेराकडून चालत आले. भाषण संपल्यावर विहीणबाई एकदम म्हणाल्या, "पण मग त्या राणीक ठाऊक होता का हो?" मी म्हटलं, ती कुठली मान्य करतेय, ती म्हणायची आमच्या घराण्यात असलं काही नाहीच. सगळ्या बायका हसल्या. त्यांच्यात सगळ्यात मोठ्याने मी हसले.

मग चिनू झाला. केतकीचा मुलगा. नातू झाल्याचा फोन आला तेव्हा इतरांनी पेढे आणले, मी आत जाऊन मोरीचं दार लावून बसले. मुलगी होऊ दे, मुलगी होऊ दे, असं नऊ महिने घोकलं होतं मी. पण बाळ गुटगुटीत, हसरं. दिसायला काहीच नाही. मी स्वतःला म्हटलं, सुटलो.

केतकीची रजा संपली; घर एकत्रच होतं, तेव्हा चिनू दिवसभर विहीणबाईंकडे राहायला लागला. त्या त्याला रोज तेल लावायच्या. तुम्हाला माहीत आहे आपल्या बायकांचं तेल लावणं — पायांवर आडवं घालून खसाखसा चोळायचं, हातपाय ओढायचे, मग ऊन पाणी, मग धुरी. आणि रांगायला लागल्यावर त्याच्या अंगावर डाग दिसायला लागले. दंडावर, मांडीवर, बरगडीपाशी. निळे. नंतर हिरवट.

केतकी एका दुपारी ऑफिसातून परस्पर माझ्याकडे आली. चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच म्हणाली, "आई, सासूबाई त्याला आपटत-बिपटत तर नसतील ना गं?"

इथेच थांबते जरा. कारण हेच ते. याच्यासाठी मी एवढी लांबण लावली. त्या क्षणी मला सगळं माहीत होतं. डाग कसले, कुठून आले, कुणाकडून आले — साऱ्या मुंबईत हे माहीत असलेली मी एकटी होते. तोंड उघडून एक नाव घ्यायचं होतं. बंडू. तेवढंच. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "मी काय सांगू बाई... पण हात जड आहे हो त्यांचा. लक्ष ठेव."

झालं. माझ्या स्वभावाचं विष लेकीच्या कानात गेलं. तिने लक्ष ठेवलं. फोन असा लावून ठेवायची की घरातलं चित्र तिला ऑफिसात दिसेल. संध्याकाळी सासूच्या समोर पोराचे कपडे उतरवून अंग तपासायची. महेश आधी चिडला, मग तोही बघायला लागला. एके दिवशी तिने सरळ विचारलं. विहीणबाई तेलाची वाटी हातात घेऊन बसल्या होत्या म्हणे. त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, "कित्याक मारतलंय गो मी त्याका? माझो नातू ना तो?" आणि तेल न लावताच उठल्या. महिनाभरात केतकी-महेशने परळला भाड्याने जागा घेतली. नवरा केव्हाच वारला होता, म्हातारी लालबागला एकटी राहिली. चाळीत शेजारच्यांना काय ते कळलंच. नातवाला मारते म्हणून सून वेगळी झाली — अशा गोष्टीला कितीसा वेळ लागतो?

चिनू आता दिवसा माझ्याकडे. मी तेल लावत नव्हते. जमिनीवर गाद्या अंथरल्या, टेबलाच्या कोपऱ्यांना फडकी बांधली. तरी डाग उठले. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. मी काय केलं असेल? लांब बाह्यांचे सदरे शिवून घेतले. उकाड्यात. केतकी म्हणाली, आई, बघ तुझ्याकडे कसा छान राहतो.

मग तो चालायला लागला आणि त्याचा गुडघा सुजला. तसाच टम्म. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाला रक्ताचा काही त्रास? केतकीने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, छे, आमच्याकडे असलं काही नाही. त्यांनी पू झाला असेल म्हणून गुडघ्यात सुई घातली. ते रक्त थांबेना. मोठ्या इस्पितळात हलवला, तिथे तपासण्या झाल्या आणि नाव कळलं. लेकरू वाचलं. उजवा पाय अजून पूर्ण सरळ होत नाही.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, हे आईकडून येतं, पण कधीकधी घराण्यात नव्हतं तरी नव्यानेच सुरू होतं. मी ते "नव्यानेच" घट्ट धरून ठेवलं. केतकीची तपासणी झाली, तिच्यात निघालं. माझीही करूया म्हणाल्या. मी म्हटलं, आता या वयात मला कशाला सुया टोचता? केतकी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. "माझ्यामुळे झालं गं आई. माझ्यापासून सुरू झालं." मी तिच्या केसांतून हात फिरवत राहिले. माझ्या आईने निदान भीतीने खोटं सांगितलं. मी तर सवयीने सांगत होते.

केतकी तशी सरळ पोर. तिने लालबागला जाऊन सासूच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी तिला उठवलं, चहा केला. इस्पितळात मात्र एकदा त्या आणि मी बाकावर शेजारी बसलो होतो, तेव्हा समोर बघत हळूच म्हणाल्या, "ताई, तुमचे भाऊ काविळीन गेले ना?" मी म्हटलं, हो. "बरा," म्हणाल्या. बस, एवढंच. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. त्यांना कळलंय का? कळलं असेल तर बोलत का नाहीत? केतकीशी फोनवर हळू आवाजात बोलतात ते काय? त्या घरी आल्या की मी त्यांना केतकीबरोबर एकटं सोडत नाही. भाजी निवडायच्या निमित्ताने मध्येच जाऊन बसते. बघा म्हणजे. अजूनही मी त्यांच्यावरच पाळत ठेवून आहे.

गेल्या महिन्यात चिनूचा वाढदिवस झाला, परळच्या घरी. विहीणबाई आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. चिनू लंगडत त्यांच्याकडे धावला आणि कडेवर घे म्हणून गुडघ्यांना बिलगला. त्यांनी दोन्ही हात वर केले. खांद्यांच्याही वर, सगळ्यांना दिसतील असे, आणि तसेच धरून ठेवले. खोली भरलेली होती. त्या कुणाकडेच बघत नव्हत्या, फक्त माझ्याकडे बघत होत्या. चिनूला वाटलं खेळ आहे. त्यानेही हसत आपले दोन्ही हात वर केले. आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले, "बघा बघा, आजीशी कसा खेळतोय!"