सोललेल्या द्राक्षांची वाटी

मी आयुष्यात पुष्कळांवर जळलो आहे. शेजाऱ्याच्या पार्किंगवर जळलो, मेव्हण्याच्या दाट केसांवर जळलो, एकदा तर लग्नाच्या पंगतीत समोरच्याच्या ताटातल्या चौथ्या जिलबीवर असा जळलो की माझ्या वाटीतला गार मठ्ठा कोमट झाला. पण गेली दोन वर्षं मी ज्या माणसावर जळतोय ते माणूस साडेतीन फूट उंच आहे, पहिलीत जातं, त्याचे पुढचे दोन दात पडलेत आणि ती माझीच पोरगी आहे.

कारण आमचे अण्णा.

अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे सिन्नरकडचे. सगळी हयात एस.टी.चं स्टिअरिंग फिरवण्यात गेली. त्यांचा आवाज असा की ते नाशिकरोडला शिंकले तर सिन्नरच्या स्टँडवरचे लोक गाडी लागली समजून पिशव्या उचलायचे. हॉर्न त्यांना सरकारने उगाचच दिला होता. घरी मात्र ते बोलायचे कमी, बघायचे जास्त. त्यांनी नुसतं बघितलं की भिंतीवरची पाल खाली उतरून, उंबरा ओलांडून, निमूट बाहेर जायची. मला सतराचा पाढा पाठ झाला तो मास्तरांमुळे नाही. दारात अण्णांच्या चपला निघाल्याचा आवाज आला की तो आपोआप तोंडातून बाहेर पडायचा.

असा हा माणूस आता गंगापूर रोडला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चटईवर मांडी घालून बसतो आणि द्राक्षं सोलतो.

धुतो नाही म्हणालो मी. सोलतो. एकेक मणी हातात घ्यायचा, देठाच्या बाजूने अंगठ्याचं नख हलकेच रोवायचं, साल खाली ओढायची आणि आतला ओला, पारदर्शक गोळा स्टीलच्या वाटीत सोडायचा. यासाठी उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी राखून ठेवलंय. द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की रविवारी नऊ नखं कापतात, दहावं ठेवतात. वाटी भरली की पोरगी नुसती तोंड उघडते. हातसुद्धा हलवत नाही. पूर्वीच्या राण्यांना निदान पंखा धरायला कुणाला सांगावं तरी लागत असेल.

हे सुरू झालं दोन वर्षांपूर्वी. पोरगी म्हणाली, "आजोबा, साल घशात टोचते." मी पेपर खाली ठेवला. आता काय होणार ते मला माहीत होतं आणि मला ते बघायचं होतं. खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही झाला होता. अण्णांनी मणी चष्म्याजवळ नेला, उजेडात फिरवून बघितला आणि म्हणाले, "टोचत आसंल बाई. यंदा लय जाड साल हाय."

माझ्या लहानपणी अण्णा ड्यूटीवरून येताना कुणा ओळखीच्या बागायतदाराकडून घडातून गळालेले मणी पिशवी भरून आणायचे. पिशवी परातीत उपडी करायचे आणि म्हणायचे, "खा." एवढंच. एकदा मी म्हटलं, अण्णा, साल नको. तर त्यांनी मला सालं, देठ, काड्या आणि शेवटी पिशवीचा बंदसुद्धा खायला लावला. ही गोष्ट मी बायकोला, ऑफिसात आणि सोसायटीच्या प्रत्येक गणपतीत सांगितली आहे. दर वर्षी पिशवी थोडी मोठी होते.

बरं, द्राक्षावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण आमच्या हॉलमध्ये रोज संध्याकाळी सोफ्याची बस होते. पुढे ड्रायव्हर म्हणून पोरगी, हातात पोळ्यांच्या डब्याचं झाकण. मागे पॅसेंजर म्हणून अण्णा. आणि ती त्यांना ओरडते. "ओ आजोबा, मागे सरका. सुट्टे काढा. खिडकीतून हात बाहेर काढू नका." आणि ज्या माणसाने हजारो पॅसेंजरना नजरेने मागे सरकवलं, तो उशीला बिलगून म्हणतो, "सरकलो मॅडम, सरकलो."

मी आठ वर्षांचा असताना स्टँडवर उभ्या गाडीत त्यांच्या सीटवर चढून बसलो होतो. स्टिअरिंगला फक्त हात लावला. अण्णांनी मला कॉलरला धरून असं खाली उतरवलं की मी अजूनही ड्रायव्हरच्या दारातून उतरताना आधी मान आत घेतो. यात मात्र मी काही वाढवलेलं नाही.

"मला कधी मॅडम म्हटलं नाही त्यांनी," मी बायकोला म्हणालो.

"तुम्हाला मॅडम म्हणायला हवं होतं का?" ती भाजी निवडत होती.

"तसं नाही गं. म्हणजे, मला एक तरी मणी सोलून दिला का?"

"अहो, त्रेचाळीस वर्षांचे आहात तुम्ही."

"तेव्हा नव्हतो ना."

तिने मेथीची जुडी माझ्यापुढे सरकवली. "एवढा वेळ आहे तर ही निवडा. मनातलं सगळं बाहेर येईल."

मेथी निवडताना मला युक्ती सुचली. आमच्या घरात एकाच माणसाचे लाड व्हायचे, आजारी माणसाचे. तेव्हा आपण आजारी पडायचं. ऑफिसची रजा वाया जायला नको म्हणून मी रविवारी सकाळी आजारी पडलो. थर्मामीटर चहाच्या कपात बुडवला. असा आकडा आला की डॉक्टरांनी बघितला असता तर आधी अग्निशमन दलाला फोन केला असता. मग गोधडी हनुवटीपर्यंत ओढली आणि कण्हायला लागलो. हळू कण्हत होतो, पण गॅलरीपर्यंत जाईल असं.

बायको दारातून बघून गेली. तिने थर्मामीटर पुसून ठेवला. त्याला साखर लागली होती. बोलली काही नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की हा फायदा असतो.

मग अण्णा आले. त्यांनी माझ्या कपाळावर तळहात ठेवला. खरखरीत, जड, गिअरच्या दांड्याने घट्टे पडलेला. तो हात माझ्या कपाळावर याआधी कधी आला होता ते मी आठवत राहिलो, आणि तो तिथेच राहावा म्हणून कण्हणं थांबवलं. तीच चूक झाली.

"ताप नाय," अण्णा म्हणाले. "आंगात आळस हाय."

"तोंडाला चव नाही अण्णा," मी म्हणालो. आवाज असा खोल काढला की जणू शेवटची इच्छा सांगतोय. "द्राक्षं खावीशी वाटतात. पण घशात साल टोचते."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या बेडरूममध्ये पाल नव्हती, नाहीतर गेली असती. मग ते बाहेर गेले.

मी छताकडे बघत पडलो. सांगतो तुम्हाला, दहावीच्या निकालाला, मुलगी बघायला गेलो तेव्हा, गृहकर्ज मंजूर व्हायचं होतं तेव्हासुद्धा माझं काळीज असं उडालं नव्हतं. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. नळ सुरू झाला. वाटी. ती स्टीलची वाटी ओट्यावर ठेवल्याचा आवाज मी झोपेतही ओळखेन. पण ती वाटी कुणासाठी, ते काही आवाजावरून कळत नव्हतं.

अण्णा आत आले. पलंगाच्या कडेला बसले. मांडीवर घड, हातात वाटी. नख रोवलं, साल ओढली, मणी उचलला. मी तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी पोरगी पलंगावर चढली आणि तिनेही तोंड उघडलं. अण्णांचा हात माझ्या दिशेने निघाला होता, शपथेवर सांगतो. अर्ध्या रस्त्यात तो आपोआप वळला, रोजच्या रूटला लागलेल्या गाडीसारखा. मणी तिच्या तोंडात गेला. दुसराही. तिसराही. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो.

"अण्णा," मी म्हणालो, आणि आता आवाज खोटा राहिला नव्हता, "मला कधी सोलून दिलं होतं का तुम्ही?"

ते थांबले. विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आणून.

"तू कधी मागितलं व्हतं?"

आता इथे मला एक कबूल करावं लागेल. वर ती पिशवीचा बंद खाल्ल्याची गोष्ट सांगितली, ती घडलेली नाही. काड्या नाहीत, देठ नाहीत. साल नको असं मी म्हणालोच नव्हतो. म्हणायची हिंमतच झाली नव्हती. मी परातीतले मणी सालासकट गिळायचो आणि ते माझ्याकडे बघतात की नाही ते बघायचो. ते बहुतेक वेळा बसल्या जागी झोपलेले असायचे, खाकी शर्टाची दोन बटणं उघडी टाकून. न मागितलेल्या गोष्टीचा राग पस्तीस वर्षं सांभाळायचा म्हणजे तिला काहीतरी हातपाय फोडावे लागतात. ते मी फोडले.

"नव्हतं मागितलं," मी म्हणालो.

"मग?"

"आत्ता मागतोय."

अण्णांनी पुढचा मणी घेतला. यावेळी जरा जास्तच वेळ लावला, देठाजवळचा सालाचा बारीक तुकडासुद्धा नखाने काढला. आणि हात माझ्याकडे आणला. पोरगी पुढे झाली तर त्यांनी कोपर आडवं घातलं. मणी माझ्या तोंडात आला.

चव सांगू का? काहीच नव्हती. द्राक्षाचा आंबटपणा सगळा सालात असतो हे मला त्या दिवशी कळलं. मणी सोलता सोलता कोमट झाला होता, चेंबलेला होता, त्याला अण्णांच्या बोटांचा तंबाखूचा वास होता. तो मी इतका वेळ तोंडात घोळवला की तेवढ्यात कुणी नाशिकहून सिन्नरला जाऊन परत आलं असतं.

"गोड हाय का?" अण्णांनी विचारलं.

"लय गोड," मी म्हणालो.

पोरगी माझ्याकडे बघत होती. खालचा ओठ बाहेर आला होता, नाकपुड्या फुगल्या होत्या. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता. दोन वर्षं मी तो दाढी करताना आरशात बघत होतो.

"पप्पा, ते माझे आजोबा आहेत," ती म्हणाली.

"आधी माझे अण्णा आहेत," मी म्हणालो. मणी अजून गालातच होता.

"तुम्ही आजारी नाहीच आहात. मम्मी म्हणाली."

"मम्मीला काय कळतंय."

अण्णांनी तोवर पुढचा मणी सोलला होता. तो दोन बोटांत धरून ते एकदा तिच्या तोंडाकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघत होते. कसारा घाटात धुक्यातसुद्धा हा माणूस कधी असा अडला नसेल.

मी तोंड आणखी मोठं उघडलं.