मेश्रामबाईंनी लिहिलेली मदत

चंद्रपूरच्या आमच्या जुन्या ऑफिसातले दोघं जरी भेटले, तरी मेश्रामबाईंचा विषय निघतोच. एक किस्सा संपत नाही तोच दुसरा म्हणतो, "अन् तो अहेरीचा?" मग चहा थंड!

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची. आम्ही लाकूड डेपोंसाठी कॉम्प्युटरचा प्रोग्राम बनवला होता. कुठल्या डेपोत किती सागवान, किती बांबू, ते दाखवणारा. तो फ्लॉपीवरून मशीनवर चढवावा लागे. अडलं तर ‘इन्स्टॉल’ टाइप करून पुढं प्रश्नचिन्ह टाकायचं, की स्क्रीनवर मदत यायची. ती मदत साहेबांनी लिहिली होती. अस्सल इंग्रजीत!

*

पहिला फोन अहेरीहून. असे फोन घ्यायचं काम मेश्रामबाईंचं. डेपोतले रशीदभाऊ ट्रंक कॉलवर ओरडत होते, "मॅडम, फ्लॉपी ‘स्पेसिफाइड ड्राइव्ह’मध्ये टाका म्हणते. आपल्या मशीनले ए ड्राइव्ह हाये, बी ड्राइव्ह हाये. स्पेसिफाइड पाठवालेच विसरले का तुम्ही?"

आम्ही पोट धरून हसलो. मेश्रामबाई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन अहेरीच्या एस.टी.त बसल्या.

*

डेपोत बाई रशीदभाऊंच्या मागे खुर्ची टाकून बसल्या. भाऊ अडले की वळून बघायचे. बाई गप्प! मलाच राहवेना. "सांगा ना त्यायले, बाई!"

"मी सांगतलं तर स्क्रीननं काय केलं? दर डेपोत मी बसाले जाऊ का?"

तेवढ्यात भाऊंनी ‘फ्रेश’, म्हणजे सगळं नव्यानं चढवायचं, हे निवडलं आणि डेपोचा सगळा साठा मशीनवरून पुसला गेला. जुनी माहिती जाईल, हे मदतीत होतं. पण पार तळाशी. भाऊ ताडकन उठले. "मॅडम, माई नोकरी गेली!"

बाईंनी पर्समधून एक फ्लॉपी काढली. सकाळी आल्या आल्याच त्यांनी सगळ्याची कॉपी करून ठेवली होती.

"चूक तुमची नाई, भाऊ. आमचं वाक्य चुकीच्या जागी हाये."

परतल्यावर ते वाक्य सगळ्यात वर गेलं.

*

मग बाईंनी सगळी मदतच मराठीत लिहायला घेतली. मशीनवर देवनागरी नव्हती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. साहेबांना ते गावठी वाटलं.

"‘फ्लॉपी टाका’ काय? ‘फ्लॉपी समाविष्ट करा’ असं लिहा."

"सर, तुम्ही चहात साखर समाविष्ट करता का?"

साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "टाका!"

*

मुलचेऱ्याच्या डेपोत मंडलबाबू नावाचे बंगाली ऑपरेटर होते. प्रोग्राम चढवताना मधेच थांबायचं असलं, की आमची स्क्रीन विचारायची, ‘अबॉर्ट?’ ते वाचून बाबूंनी हातच मागे घेतले. घरी बायको पोटुशी होती. त्यांनी बाईंना फोन केला. "दीदी, इसपे मैं हाँ नहीं बोलूँगा."

कोणी दुसरं असतं तर समजूत घातली असती. बाईंनी त्याच दिवशी तो शब्द काढून टाकला आणि लिहिलं, ‘थांबायचं का?’

मुलगी झाली, तेव्हा बाबूंचे रसगुल्ले चंद्रपूरपर्यंत आले!

*

पण माझा लाडका किस्सा जिवतीचा. मराठी मदतीची नवी फ्लॉपी पाठवून बरेच दिवस झाले, तिथून एकही फोन येईना. काहीतरी बिघडलं असणार, म्हणून साहेब मला आणि बाईंना जीपमध्ये घालून निघाले. घाट चढून पोचलो, तर डेपोत गेडामभाऊ नावाचे नवे ऑपरेटर. प्रोग्राम चढलेला, साठा भरलेला, सगळं झकास!

साहेब एकदम खूश. "वा! कोणी शिकवलं तुम्हाला?"

"कोनीच नाई, साहेब. समोर लिहून येते, तसं करत गेलो. याच्यात शिकवाचं काय हाये?"

साहेबांनी बाईंचं नाव सांगायला तोंड उघडलं. बाईंनी मागून त्यांची बाहीच ओढली!

परतताना, घाट उतरत असताना, मेश्रामबाई मागच्या सीटवर गाणं म्हणत होत्या. एवढ्या वर्षांत आम्ही त्यांना गाताना पहिल्यांदाच ऐकलं.