कंपाउंडरची पट्टी

ती घटना आजही आठवते, ती एका कागदाच्या पट्टीमुळे. १९५०च्या दशकात मी चाकणला फौजदार होतो.

सरकारी दवाखान्यातून निरोप आला. खाटेवर हिवतापाने फणफणलेलं पोर, उशाशी आई आणि कोयनेलची, म्हणजे क्विनीनची बाटली. डॉक्टर म्हणाले, "लेबल कंपनीचं आहे, पण ताप हटत नाही. आत खरंच कोयनेल असेल, तर वर आणखी देणं जिवावर बेतेल. नसेल, तर आत्ताच द्यायला हवं." नमुन्याचा अहवाल येईपर्यंत पोर तग धरणार नव्हतं. बाटली कुठली, हे आई सांगेना. देणाऱ्यावर बालंट येईल ही तिला भीती.

मी बाटली फिरवली. पाठीवर डोस दाखवणारी, दाते कापलेली कागदी पट्टी होती, एका दात्याएवढा एक डोस. अशी पट्टी कंपनी लावत नाही. दवाखान्यातल्या मिक्श्चरला कंपाउंडर लावतो. आणि इतकी सुबक पट्टी चाकणात एकच कंपाउंडर कापायचा. माझ्या खोकल्याच्या बाटलीवरही त्याचीच असे. सारं गाव त्याला काका म्हणे, मीही.

ठाण्यात काका ताठ बसले. "लेबल कंपनीचं हाय. मला कशाला इचारता?"

मी आवाज चढवला नाही. गुन्ह्याबद्दल विचारलं की माणूस तोंड शिवून बसतो, कामाबद्दल विचारलं की बोलतो.

"काका, कंपनीच्या बाटलीला पट्टी कशापायी?"

"अहो, बायाबापड्यांना अक्षर येत न्हाई. चुकून जास्त पाजलं म्हंजे?"

बोलून गेले आणि जीभ चावली. पोराचं सांगितलं तशी मान खाली गेली. "काडेचिराइताचा नुसता कडू काढा हाय. कोयनेल थेंबभर न्हाई. पळा सायेब, आधी पळा!"

जमादाराला दवाखान्याकडे पिटाळलं. मग झडती, पंचनामा. घरात रिकाम्या बाटल्या आणि लेबलांचा ढीग सापडला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, माल टिकतो. पुढे औषध कायद्याखाली शिक्षा झाली, ती योग्यच होती. तरी काकांवरची माझी माया आटली नाही, हेही लिहून टाकतो.

पोर वाचलं. घरी निघालेल्या आईने ठाण्यात येऊन दवाखान्याने दिलेलं खरं औषध माझ्या टेबलावर ठेवलं.

"सायेब, पट्टी काकांकडूनच कापून द्या."

"अगं, त्यांनीच तर फसवलं तुला!"

"व्हय, औषधात फसवलं. मापात न्हाई. अन् मला तेवढीच पट्टी वाचता येती."

खोटं लेबल म्हणजे वाचता न येणाऱ्याच्या विश्वासावर दरोडा, हे मला त्या दिवशी कळलं. काकांनाही कळलं असावं. कोठडीत जमादारासमोर कापलेली त्यांची पहिली पट्टी वाकडी गेली. ती फाडून, डोळे पुसून, त्यांनी दुसरी कापली.