पाहुण्यांची पोळी

माय पोळी खाईना, असा भावाचा फोन आला तेव्हा मी आधी त्याच्यावरच खेकसले. म्हटलं, कडक करत असाल, दात कुठं आहेत तिला? माझा धाकटा भाऊ बोलायच्या वेळी गप्प बसतो आणि गप्प बसायच्या वेळीही गप्पच बसतो. मागून भावजयीचा आवाज आला, "वन्स, दुधात कुस्करून द्यायलोय. हातच लावंनात. तुमीच येऊन बघा एकदा."

मी परभणीला शाळेत शिकवते. आमचं गाव वालूरच्या अलीकडं. शनिवारी सकाळची शाळा उरकली आणि मी एसटी धरली.

माय ओट्यावरच्या बाजेवर बसली होती. तिचे हात इतके बारीक झाले होते की बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. डॉक्टरांनी पोट तपासलं होतं. पोटात काही नाही, वयामुळं आठवण उतरत चालली आहे, जमेल ते खाऊ घाला, एवढंच ते म्हणाले होते. मला बघून ती हसली, पण ते हसू दारात आलेल्या कुणालाही मिळालं असतं.

भावजयीनं ताट आणून ठेवलं. तूप लावलेली मऊसूत पोळी, वरण, कडेला थोडा गूळ. मायनं ताटाकडं बघितलं, त्यावर दुसरी ताटली झाकली आणि ते हळूच बाजेखाली सरकवलं.

"पाव्हणे यायचे हायेत," ती म्हणाली. "त्यांच्यापुरतं ऱ्हाऊ द्या."

"मग तू काय खाशील?"

"आपल्याला भाकर हाय की. तरोटा हाय."

ती काय बोलते आहे ते त्या घरात फक्त मला आणि भावाला कळलं. आमच्या लहानपणी गव्हाची पोळी हे घरच्या माणसांचं खाणं नव्हतंच. गहू एका लहान डब्यात असायचा. पाहुणा आला की तो निघायचा. पाहुणा जेवून उठला आणि टोपल्यात काही उरलं, तर ते घरातल्यांचं. आम्ही रोज ज्वारीची भाकरी खायचो आणि श्रावणात तिच्याबरोबर तरोटा. बांधावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर आपोआप उगवणारा. कोवळा पाला खुडायचा, उकडून पिळायचा, लसूण घालून परतायचा. चव बरी असते. पण जनावरं तरोट्याला तोंड लावत नाहीत, आणि सगळा घोटाळा तिथंच होता.

वालूरच्या शाळेत एका मुलीनं माझ्या डब्यात डोकावून म्हटलं होतं, "अगं, हे तर आमच्या म्हशीबी खात न्हाईत." सगळा वर्ग हसला. त्या दिवसापासून श्रावणातला डबा मी शाळेमागच्या नालीत उलटा करायचे. घरी येऊन सांगायचे, खाल्ला. उपाशीपोटी खोटं बोलण्यात मी लहानपणीच तरबेज झाले. पाहुणा येऊन गेला असेल त्या दिवशी मात्र माय मला दाराआड ओढायची, पदराची गाठ सोडायची आणि अर्धी पोळी हातावर ठेवायची. मलाच का, हे मी कधी विचारलं नाही. भावाला मिळत नव्हती हेही मला ठाऊक होतं. मी ती दोन घासांत संपवायचे.

आता सगळं उलटं झालं आहे. परभणीतल्या लग्नांत भाकरी-पिठल्याचं वेगळं टेबल असतं आणि रांग तिथंच असते. पोळ्यांच्या परातीजवळ कुणी फिरकत नाही. रानभाज्यांचं प्रदर्शन भरतं, तिथं तरोट्याची जुडी मी स्वतः विकत घेतली आहे, वर शेजारणीला त्याचे गुणही सांगितले आहेत. माय जे मागते आहे ते आज चार लोकांत मिरवायचं खाणं आहे. फक्त आमच्या घरात ते नव्हतं.

भावानं ज्वारी सोडून बरीच वर्षं झाली. काढायला माणूस मिळत नाही, पाखरं राखायला कुणी नाही, म्हणून सगळं रान सोयाबीन आणि कापूस. भावजयीनं शेजारून पीठ आणलं. तिची भाकरी थापता थापता चिरली, माझी तव्यावर टाकताना मोडली. दोघी हसलो, मग मला एकदम रडू आलं. तुकडे वरणात भिजवून दिले. मायनं दोन घास खाल्ले आणि थांबली.

"भाजी?" ती म्हणाली.

मी भावाला घेऊन रानात गेले. एरवी श्रावणात हिरवागार असणारा बांध तांबूस पडला होता, उकळतं पाणी ओतल्यासारखा. पण रस्त्याच्या बाजूला एक पट्टा हिरवा होता. तरोटाच. गोल गोल कोवळी पानं. मी पदर खोचला आणि खाली बसून खुडायला लागले. बोटांना ते अजून येत होतं, याचंच मला अप्रूप वाटलं. ओंजळभर झाला तरी भाऊ नुसता उभा. मग खालच्या आवाजात म्हणाला, "आक्का, त्येच्यावर परवाच फवारलंय. अजून वाळायचं हाय."

मी ओरडले. तरोट्यावर कुणी औषध मारतं का? खायची भाजी आहे ती.

"तण हाय त्ये, आक्का," तो म्हणाला. "खातंय कोण आता?"

त्याला काय तोंडानं बोलणार होते मी? या घरात तरोटा खायचा नसतो हे आधी मीच ठरवलं होतं, नालीच्या काठावर उभं राहून. मी पाला तिथंच टाकला. भावानं त्यावर पायानं माती लोटली आणि हात धुवायला पाणी दिलं.

रविवारी सकाळी मला एक युक्ती सुचली. युक्ती कसली, नाइलाज. पाहुण्यांसाठीच पोळी असेल तर पाहुणी व्हायचं. मी चांगलं पातळ नेसले, पिशवी घेतली, मागच्या दारानं बाहेर पडले आणि पुढच्या दारानं येऊन विचारलं, "आहेत का घरी?"

माय बाजेवरून उठली. दोन दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव आला. "या, बसा. लांबून आलाव?" तिनं सुनेला पाणी आणायला सांगितलं, माझ्यासमोर पाट सरकवला, पोळी स्वतः वाढली. आग्रह करकरून वाढली. मी एक खाल्ली. टोपल्यात, भावजयीशी ठरल्याप्रमाणं, एकच उरली होती.

"पोट भरलं माझं," मी म्हटलं. "ही आता तुम्ही खा."

मायला मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही म्हटलं.

तिनं पोळी उचलली. भावजय स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मायनं पोळीची घडी घातली, अजून एक घडी घातली, आणि पदराच्या टोकाला गाठ मारली.

"खा ना," मी म्हटलं.

"न्हाई बाई. माझी लेक साळंत गेलीय." ती माझ्याकडं वाकली, घरातलं गुपित पाहुणीला सांगावं तशी. "तिला तरोटा आवडत न्हाई. डबा नालीत टाकून येती अन् मला म्हनती खाल्ला. मला कळत न्हाई व्हय? उपाशीच यायलीय पोर. म्हणून ठिवते."

ते तिला तेव्हापासून माहीत होतं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "माय, मीच ती. आले मी शाळेतून. आणि जेवलेय आता. तू खा." गाठ सोडायला मी पदराला हात लावला.

तिनं पदर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरला. रागावली नाही, पाहुण्यावर रागवायचं नसतं. नुसतं मला समजावून सांगितलं.

"तुमी खाल्ली की आत्ताच," ती म्हणाली. "ही लेकीची हाय."